दुसरा वाळा

इथे न्यूझीलंडमध्ये जून म्हणजे हिवाळा, तो लागला की पुकेकोहेच्या टेकडीवरून धुकं खाली उतरतं आणि मग दोन-दोन दिवस हलायचं नाव घेत नाही. यंदा ते जरा लवकरच आलं. सकाळी मनुरेवाच्या फार्मसीत जायला गाडी बाहेर काढली, तर समोरच्या घराची पत्रपेटीसुद्धा दिसेना. ओल्या मातीचा आणि शेतात कुजत पडलेल्या कोबीच्या पानांचा वास मात्र भरून राहिला होता. इथल्या लोकांना तो नकोसा वाटतो, खिडक्या लावून घेतात. मला त्या वासानं एक हिवाळा आठवतो आणि मग दिवसभर माझे कान उगाचच टवकारलेले राहतात.

तो हिवाळा दोन हजार सात-आठच्या सुमाराचा. आम्ही पुकेकोहेत भाड्याच्या घरात राहत होतो. मला सातवा महिना लागला होता, आणि माझ्या नवऱ्याला, विनयला, जमिनीत हरवलेल्या वस्तू शोधायचं वेड लागलं होतं. हा माणूस कॉम्प्युटर शिकायला म्हणून पुण्याहून आला आणि कांद्याच्या पॅकहाउसमध्ये माल रवाना करायच्या कामावर रमला. बाकीची मंडळी सुट्टीच्या दिवशी बार्बेक्यू करायची. आमच्याकडे मेटल डिटेक्टर आला. मी म्हटलं, "अरे, आधी पाळणा घे." तर म्हणाला, "पाळणा काय, कधीही मिळेल. हा सेकंडहँड आहे, पण स्वीट अ‍ॅज, एकदम झकास कंडिशनमध्ये."

लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. जमिनीवरून चकती डावीकडून उजवीकडे फिरवत हळूहळू पुढे सरकायचं. खाली लोखंड असलं तर मशीन खालच्या आवाजात गुरगुरतं. तांब्याचा आवाज मधला. आणि चांदी असली की एकदम वरच्या पट्टीत, स्वच्छ. पुकेकोहेची तांबडी माती ज्वालामुखीची, तिच्यातच लोह फार, त्यामुळे मशीन सदा कुरकुरत असायचं. त्या कुरकुरीतून खरा आवाज वेगळा ओळखायला कान तयार व्हावा लागतो, असं विनय गवयाच्या थाटात सांगायचा.

या छंदाचा एक शिष्टाचार असतो, आणि विनय तो सोवळ्यासारखा पाळायचा. जमीन उकरून ठेवायची नाही. तीन बाजूंनी गवत कापून ते झाकणासारखं उचलायचं, वस्तू काढायची, माती परत भरायची, झाकण बसवायचं आणि वरून बुटानं दाबायचं. दुसऱ्या दिवशी खणणाऱ्यालासुद्धा आपली जागा सापडता कामा नये. सापडली तर तुम्ही कच्चे.

शेत पॅकहाउसच्या मालकांचं, जयंतीभाईंचं होतं. त्यांचे वडील नवसारीकडून इथे आले आणि बटाटे-कांदे पिकवत इथलेच झाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई होत्या, मणिबा, सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात गमबूट. जयंतीभाईंनी त्या हिवाळ्याच्या आधी शेताचा मोठा तुकडा विकला होता. तिथे घरं होणार होती. बांधाची उंच जुनी झाडं यंत्रानं मुळासकट उपटून झाली होती, आणि उलथलेल्या मातीवर पावसानं गवत उगवलं होतं. "मशीन फिरवायचं तर आत्ताच फिरवून घे, विनय," जयंतीभाई म्हणाले होते, "मग डांबरच डांबर."

रविवारी सकाळी मीही बरोबर जायची. गाडीत चहाचा फ्लास्क घेऊन बसायची. विनय दहा-बारा पावलं गेला की धुक्यात नाहीसा व्हायचा. मग कधी हेडफोनची वायर काढलेली असली तर नुसता मशीनचा आवाज यायचा, कुठल्या बाजूनं ते कळायचं नाही. गुरगुर, गुरगुर, मग शांतता. शांततेचा अर्थ तो गुडघ्यावर बसून खणतोय. मला ती शांतता आवडायची नाही. मी हॉर्न वाजवायची, आणि धुक्यातून त्याचा वैतागलेला आवाज यायचा, "आहे गं इथेच!"

सापडायचं ते बहुतेक भंगार. घोड्याचे नाल, खिळे, डबे, कुणाच्या तरी कोटाची बटणं. कधी इथली जुनी पेनीची नाणी, हिरवी पडलेली. एकदा मात्र त्यानं गाडीच्या काचेवर टकटक केलं आणि तळहात पुढे केला. त्यावर आपला पाव आणा होता, राजाच्या मुंडक्याचा. कुणाच्या खिशातून पडला असेल, पहिल्या पिढीतल्या कुणा माणसाच्या, वाकून कांदा काढताना. विनय खूश झाला. मला मात्र कसंसंच झालं. तोवर ही माती माझ्या लेखी परकी होती, आणि परक्या जमिनीखाली काय आहे याचा आपण विचार करत नाही.

वाळा सापडला तो त्याच्या पुढच्या रविवारी, उपटलेल्या बांधाच्या पट्ट्यात. तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा. जाडसर तार वळवून केलेला, टोकं एकमेकांना न जोडलेली, आणि एक बारीक घुंगरू मातीनं गच्च बुजलेलं. काळा ठिक्कर पडला होता. विनयनं तो घरी आणून टूथपावडरनं घासला. एरवी हाच माणूस जुनं नाणं धुवायचं नसतं म्हणून मला व्याख्यान द्यायचा. पण हा वाळा त्याला वस्तू वाटलाच नाही. "बघ," तो म्हणाला, "आपल्या बाळाला पहिला दागिना न्यूझीलंडच्या जमिनीनं दिला."

माझी आई तेव्हा बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली होती. तिनं वाळा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, "विनयराव, दुसरा कुठाय?"

"एकच मिळाला, आई."

"वाळे एकटे नसतात हो," एवढंच ती म्हणाली आणि तो परत त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

मग तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात बजावलं, की हे बाळाच्या पायात घालायचं नाही. का, ते सांगेना. "माझ्या तोंडून या दिवसांत ते वदवून घेऊ नकोस," म्हणाली. मी औषधं देणारी बाई. गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसेल ते मी मानत नाही. मी हसण्यावारी नेलं.

वाळा हॉलमधल्या शेल्फवर राहिला, हीटरच्या वर. दोन-चार दिवसांनी दुपारी मी हॉलमध्येच आडवी झाले होते आणि आई शेजारी खुर्चीत लोकरीचं टोपडं विणत होती. बाहेर धुकं तसंच. आईच्या सुया थांबल्या. "अगं, वाजलं का काही?" मी नाही म्हणाले. पण वाजलं होतं. एकदाच, अगदी बारीक. घुंगरातली माती हीटरच्या उबेनं सुकून गळून पडली असणार, शेल्फवर लाल भुकटी सांडलेली नंतर मी पुसली. त्याच वेळी पोटात बाळ हललं, हे मी कुणाला सांगितलं नाही. सातव्या महिन्यात ते हलायचंच. तरी मी त्या दिवसापासून शेल्फच्या बाजूनं तोंड करून झोपेनाशी झाले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. विनयची नाही, वाळ्याचीही नाही. दुसऱ्या वाळ्याची. तो कुठेतरी होता, आणि तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फार्मसीत गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध समजावून सांगताना मध्येच माझ्या मनात यायचं, की आत्ता या क्षणी तो त्या धुक्याखाली मातीत पडला आहे. समोरची बाई म्हणायची, "यू ओके, लव्ह?" आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

आता त्या जागी घरं आहेत. गुळगुळीत रस्ता, टोकाला वळसा, अंगणाअंगणात ट्रॅम्पोलिन. माझी लेक रेवाची मैत्रीण तिथेच राहते. मी तिला सोडायला जाते आणि एका वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. "मम, व्हाय डू यू ऑल्वेज स्लो डाउन हिअर?" ती विचारते. मी मराठीत सांगते, "मुलं खेळतात गं रस्त्यावर." तिला मराठी कळतं. ती रस्त्याकडे बघते. रस्ता रिकामा असतो.

माझं डोहाळजेवण त्याच हिवाळ्यात, एका शनिवारी झालं. साउथ ऑकलंडमधल्या ओळखीच्या मराठी बायका जमल्या, नर्सेस, एक डेंटिस्ट, दोघी-तिघी माझ्यासारख्या. हिरवी साडी, गजऱ्याऐवजी डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेला कसलासा गुच्छ उसवून केलेली वेणी, आणि आईनं पहाटेपासून खपून केलेला स्वयंपाक. मणिबांनाही बोलावलं होतं. त्या आल्या त्या नारळ आणि शेतातला भलामोठा फ्लॉवर घेऊन, आणि दाराशीच थबकल्या. मी विधवा, आत कशी येऊ, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आईनं त्यांचा हात धरून आत आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. त्या गुजरातीत बोलायच्या, मी मराठीत, आणि अडलं की दोघी हिंदीत.

आईनं वाळा सकाळीच आत नेऊन ठेवला होता. पण विनयला राहवलं नाही. ओटीच्या ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं होती, त्यांच्यात त्यानं तो चकचकीत करून ठेवून दिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. परदेशात मुरलेल्या आपल्या माणसांकडूनच अशी चूक होते. आपला दागिना हातात आला की आपलं गाव हातात आल्यासारखं होतं, आणि तान्हं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असलेलं नेमकं त्याच वेळी आठवत नाही.

बायका गाणं म्हणत होत्या. मणिबांनी ताटातून वाळा उचलला. आधी बोटात घातला, तो दुसऱ्या पेरावर अडला. मग त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, आतल्या बाजूवरून नख फिरवलं. आणि मग सगळ्यांच्या देखत तोंडात धरला, दातांत. गाणं एकेका तोंडातून बंद पडत गेलं. हॉलमध्ये नुसता हीटरचा आवाज राहिला. मणिबांनी वाळा तोंडातून काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "हवे दांत नकली छे." आता दात खोटे आहेत.

कुणाला काही कळेना. त्यांनी माझा अंगठा धरून वाळ्याच्या आतल्या बाजूला टेकवला. तिथे दोन बारीक खळगे होते. विनयनं इतकं घासूनही ते गेले नव्हते.

"पाँव पतला था," मणिबा म्हणाल्या. "निकल जाता था. मैंने दाँत से दबाया. मारी दीकरीनुं छे." माझ्या लेकीचा आहे. मग विनयकडे वळून, अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तसं, "आ क्यांथी?" हा कुठून?

विनयनं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, कारण त्यालाही आता कळत होतं. आईनं डोळ्यांना पदर लावला. मणिबा रडल्या नाहीत. त्यांनी बाकीचं सांगितलं ते माझ्या मांडीवर हात ठेवून, कधी गुजराती, कधी हिंदी. मुलगी याच शेतावरच्या जुन्या घरात झाली, महिनाभरही राहिली नाही. वाळे मणिबांच्या आईनं ट्रंकेत घालून दिलेले. मुलगी गेली तेव्हा घरचे ते काढून घेऊ लागले, यांनी काढू दिले नाहीत. नवरा आणि थोरले दीर सकाळी तिला घेऊन बाहेर पडले. बाईमाणसानं जायचं नसतं. "धुम्मस था, कोहरा, ऐसा ही. दरवाजे से देखा, चार कदम, फिर कुछ नहीं." परत आले तेव्हा त्यांचे गमबूट चिखलानं भरले होते. ते मणिबांनीच धुतले. पुकेकोहेत चिखल सगळीकडे सारखाच लाल.

"मने कोईए कह्युं नथी," त्या म्हणाल्या. कुठे ठेवलं, ते कुणी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, विचारायचं नसतं. दीर गेले, मग नवराही गेला. पन्नासेक वर्षं त्या शेतात त्यांनी कांदा लावला, बटाटा काढला, आणि सगळा वेळ पाय हलका टाकत चालल्या, कारण ती कुठेही असू शकत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सांगू शकणार होतं. "जगह दिखाओगे?" त्यांनी विनयला विचारलं.

विनय म्हणाला, "बा, मी खड्डे बुजवतो. कळत नाहीत नंतर." मी त्याला इतकं लाजलेलं कधी पाहिलं नाही.

मंगळवारी रस्त्याची खडी टाकायला गाड्या येणार होत्या. म्हणजे हातात होता तो रविवार आणि सोमवार. रविवारी सकाळी मी कोट चढवला तर आई दारात आडवी. "पोटुशी बाईनं असल्या जागी जाऊ नये."

"असली जागा कुठाय, तेच तर माहीत नाही ना, आई."

ती बाजूला झाली, पण माझ्या कोटाच्या खिशात तिनं काहीतरी पुडीत बांधून घातलं. मी विचारलं नाही.

धुकं इतकं होतं की विजेचे खांब अर्ध्यावरच संपत होते. मणिबा आधीच येऊन उभ्या होत्या, वाळा मुठीत. विनयला एवढंच आठवत होतं, की बांधाच्या पट्ट्यात, एका खांबाच्या जरा अलीकडे. पण कुठल्या खांबाच्या? ज्या चांदीनं त्याला ती जागा दाखवली होती, ती तर त्यानंच उचलून घरी नेली होती. आता माती मुकी होती. एकच आशा होती, दुसऱ्या वाळ्याची. यंत्रानं झाडं उपटताना एक वर आला, दुसरा खालीच असेल, तर.

तो चालत राहिला, आम्ही दोघी मागे. गुरगुर. खिळा. गुरगुर. तार. मणिबा पाऊल टाकताना आधी टाच टेकायच्या, मग सावकाश चवडा. माझ्याही नकळत मी तसंच चालायला लागले. कोबीचा तोच वास भरून होता, आणि माझ्या मनात एकच होतं, की सापडू दे. मग लगेच, की नको. सकाळ अशीच गेली. फ्लास्कमधला चहा मणिबांनी घेतला नाही. घराकडे चला म्हटलं, तर मान हलवली. दुपार झाली तरी उजेड सकाळचाच होता.

मग विनय थांबला. चकती मागे नेली, पुन्हा पुढे. हेडफोनची वायर ओढून काढली. मशीनमधून आवाज आला. वरच्या पट्टीतला, स्वच्छ, पण फार लांबचा, खोल विहिरीत कुणीतरी बोलावं तसा.

त्यानं गुडघे टेकून खुरपी काढली. मणिबा इतक्या वेगानं पुढे झाल्या की मला वाटलं पडतील. "खोदशो नहीं."

"बा, खणल्याशिवाय खात्री नाही," तो म्हणाला. "एखादं नाणं असेल. चमचा असेल. मी खोटं नाही सांगणार तुम्हाला." मलाही तेच वाटत होतं. माझा पिंडच खात्री करून घ्यायचा. एक हात खोल खणलं की झालं. पण मणिबा तिथे उभ्या राहून त्या गवताकडे बघत होत्या, आणि मला समजलं की खणून चमचा निघाला तर त्यांच्याकडे परत ते अख्खं शेत येईल, ती पुन्हा कुठेही असू शकेल. आणि खणून वाळा निघाला, तर वाळ्याबरोबर आणखी काही निघेल. मी विनयच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं खुरपी खाली ठेवली.

मणिबांनी मूठ उघडली. त्यांना विनयला काही सांगावं लागलं नाही. त्यानं नेहमीसारखं तीन बाजूंनी गवत कापलं, झाकणासारखं उचललं, वीतभरसुद्धा खाली गेला नाही. त्या खाली बसल्या आणि वाळा आत ठेवला, जरा तिरपा, मग सरळ केला. झाकण त्यांनीच बसवलं, हातानं दाबलं. बूट लावू दिला नाही.

मग त्यांनी हेडफोनकडे बोट दाखवलं. विनयनं वायर पुन्हा खोचली, त्यांच्या डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन बसवले, दोन्ही कानांवर नीट केले. आता चांदीचा तो आवाज फक्त त्यांच्याच कानात जाणार होता, आम्हाला काही ऐकू येणार नव्हतं. तो त्या जागेवरून चकती फिरवू लागला, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत. मणिबांनी डोळे मिटले होते. धुक्यात कसलाही आवाज नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांची मान प्रत्येक फेरीबरोबर किंचित हलते आहे, या बाजूला, मग त्या बाजूला.

"चाले छे," मणिबा म्हणाल्या. चालतेय ती.

विनयचा हात भरून आला होता. त्यानं हात बदलला नाही, लय मोडेल म्हणून.